रिकॉल झालेलं खाल्लं आणि आजारी पडलात: भरपाईचा दावा कसा उभा करायचा

कंपनीने अमुक बॅचचा माल बाजारातून परत मागवल्याची बातमी येते. तुम्ही दोन दिवसांपासून जुलाब-उलट्यांनी आडवे झालेले असता. उठून फ्रीज उघडता, तर त्याच नंबरचं अर्धं पाकीट समोर. बहुतेक जण पुढे एकच करतात: नाक मुरडून ते पाकीट कचऱ्यात टाकतात. रिकॉलच्या सूचनेतही बहुधा तेच लिहिलेलं असतं, की माल वापरू नका, टाकून द्या किंवा दुकानात परत करून पैसे घ्या. जे धडधाकट आहेत त्यांच्यासाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. तुम्ही आजारी असाल तर मात्र त्या पाकिटाबरोबर तुमचा अर्धा पुरावा जातो.

भरपाई मागायची तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. माल दूषित होता, तुम्हाला आजार झाला, आणि तो आजार त्याच मालातून झाला. पहिल्या गोष्टीला रिकॉलची नोटीस बरीच मदत करते. दुसरीला डॉक्टरांचे कागद पुरतात. लोक अडकतात ते तिसरीपाशी. 'रिकॉल झाला, मी खाल्लं, मी आजारी पडलो, आणखी काय हवं?' हा प्रश्न वकिलांना सारखा ऐकावा लागतो. उत्तर असं, की दाव्याचा जीव दुव्यात असतो: हे पाकीट, हा जंतू आणि हे शरीर यांना जोडणारा दुवा. तो पहिल्या चार-पाच दिवसांतच जमवावा लागतो, कारण नंतर तो नासतो, धुतला जातो, विसरला जातो. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी सुरुवातीच्या पायऱ्यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे. कोर्टाची पायरी त्यामानाने सोपी, ती वकील चढतो.

१. आधी डॉक्टर, आणि औषधाआधी नमुना

तब्येत पहिली. शौचातून रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल, खूप ताप असेल, जुलाब तीन दिवसांनंतरही थांबत नसतील, एकाच्या जागी दोन दिसत असतील किंवा जीभ जड होत असेल, तर पुराव्याचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, किंवा कॅन्सरसारख्या आजाराचे उपचार घेणारा रुग्ण असेल तर इतकीही वाट बघू नका.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: कोणता पदार्थ, कधी खाल्ला, त्याचा रिकॉल कशासाठी झाला आहे. ते केसपेपरवर लिहिलं जाईल असं बघा. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या हस्ताक्षरात उतरलेलं वाक्य सहा महिन्यांनी केलेल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा भारी पडतं, कारण तेव्हा तुमच्या डोक्यात दावा नव्हता.

मग तपासणीचं बोला. पोट बिघडलं की डॉक्टर बहुतेकदा 'गॅस्ट्रो' एवढंच लिहितात आणि गोळ्या देतात. उपचार म्हणून त्यात चूक नाही, बहुतेकांना बरं वाटायला तेवढं पुरतं. पण 'गॅस्ट्रो' या एका शब्दावर दावा उभा राहत नाही. जंतूचं नाव लागतं, आणि त्यासाठी शौचाचा नमुना लागतो, तोही शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. औषध पोटात गेलं की प्रयोगशाळेत जंतू वाढण्याची शक्यता घटते. ई. कोलाय ओ१५७ सारख्या जंतूच्या बाबतीत डॉक्टर स्वतःच अँटिबायोटिक टाळतात, कारण त्याने मूत्रपिंडावरचा धोका वाढू शकतो. तेव्हा 'आधी नमुना घेता येईल का' हे विचारण्यात संकोच नको. डॉक्टर थांबण्यात धोका आहे म्हणाले, तर मात्र वाद घालू नका.

एक बारकी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हल्ली बऱ्याच ठिकाणी पीसीआर पॅनेल, म्हणजे जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी, करतात. काही तासांत जंतूचं नाव कळतं, पण त्या तपासणीत जंतू वाढवलेला नसतो. पुढे तुमच्या पोटातला जंतू आणि कारखान्यातला जंतू एकच का, हे पक्कं ठरवायचं तर सहसा वाढवलेला जंतूच हाताशी लागतो. म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आला तर 'याच नमुन्याचं कल्चरही करा (म्हणजे जंतू वाढवून बघा) आणि वाढलेला जंतू टाकून देऊ नका' असं लेखी सांगा.

लिस्टेरिया या जंतूचा संशय असेल तर शौचाच्या नमुन्याचा फारसा उपयोग नाही, तिथे रक्ताचं कल्चर लागतं. स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूने अन्नात आधीच सोडलेल्या विषाने उलट्या झाल्या असतील, तर माणूस एका दिवसात बरा होतो. मग रुग्णापेक्षा उरलेला पदार्थ तपासणं जास्त कामाचं.

२. पाकीट: टाकू नका, उघडू नका, सगळं कुणाला देऊ नका

फोटो काढा. पुढची बाजू, मागची बाजू, बॅच किंवा लॉट नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, कारखान्याचा कोड, बारकोड. कोड बऱ्याचदा झाकणावर किंवा शिवणीजवळ फिकट शाईत छापलेला असतो आणि ओलाव्याने पुसला जातो, म्हणून त्याचे दोन-चार फोटो जवळून घ्या.

मग पाकीट जसंच्या तसं दुहेरी पिशवीत बंद करा, पिशवीवर तारीख आणि 'खाऊ नये' असं ठळक लिहा. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पुरावा म्हणून ठेवलेला डबा कुणीतरी भुकेच्या भरात संपवला, असं होऊ शकतं. एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत जाणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर फ्रीझरमध्ये. गोठवल्याने कॅम्पायलोबॅक्टरसारखे नाजूक जंतू मरू शकतात, पण बाहेर ठेवून कुजलेल्या नमुन्यापेक्षा गोठवलेला केव्हाही बरा.

न उघडलेलं, त्याच बॅचचं दुसरं पाकीट घरात असेल तर ते जिवापाड जपा. उघड्या पाकिटाबद्दल समोरचा वकील हमखास म्हणणार की जंतू तुमच्या हाताचा, चमच्याचा किंवा फ्रीजमधल्या कच्च्या मांसाचा आहे. सीलबंद पाकिटाबद्दल हे म्हणता येत नाही.

तक्रार केली की कंपनी कधीकधी मोठ्या तत्परतेने 'तपासणीसाठी' माल घेऊन जायला माणूस पाठवते. सगळा माल देऊ नका. द्यायचाच तर थोडा भाग द्या, त्याआधी वजन आणि फोटो घ्या, आणि कुणी, कधी, किती नेलं याची सहीनिशी पोच घ्या. सरकारी अधिकाऱ्याने नमुना नेला तरी पावती मागा. नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, याची साखळी मध्ये तुटली तर रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच्यावर बोट ठेवलं जातं.

आणि पाकीट आधीच टाकलं असेल तर? दावा संपला असं नाही. खरेदीची पावती, ऑनलाइन ऑर्डर, कार्ड किंवा मोबाइलवरून केलेल्या पेमेंटची नोंद, दुकानाच्या सभासद कार्डावरचा हिशोब, यांवरून काय आणि कधी घेतलं ते सिद्ध करता येतं. बॅच नंबर मात्र यातून बहुधा मिळत नाही. त्या तारखेला दुकानात कोणती बॅच होती, हे वितरकाच्या नोंदींतून काढावं लागतं.

उरलेल्या अन्नाची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून हातपाय गाळू नका. जंतू पदार्थात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. तुम्ही खाल्लेल्या घासात होते, उरलेल्यात नव्हते, असं सहज होऊ शकतं.

३. नोटीस नीट वाचा

रिकॉल कशासाठी आहे? हा प्रश्न न विचारताच लोक वकिलाकडे धावतात. जंतू सापडला म्हणून, काचेचा किंवा धातूचा तुकडा सापडला म्हणून, शेंगदाण्यासारखा ॲलर्जीचा घटक लेबलवर लिहिलेला नव्हता म्हणून, किंवा नुसती खबरदारी म्हणूनही माल परत मागवला जातो. लेबलवरच्या चुकीसाठी झालेला रिकॉल आणि तुमचा ताप-जुलाब यांचा एकमेकांशी सहसा काही संबंध नसतो.

अमेरिकेत अन्न व औषध प्रशासन रिकॉलचे तीन वर्ग करतं. पहिल्या वर्गात गंभीर इजा किंवा मृत्यूची रास्त शक्यता असते, दुसऱ्यात तात्पुरता किंवा बरा होणारा त्रास, तिसऱ्यात तब्येतीला अपाय होण्याचा संभव नसतो. इतर देशांच्या पद्धती वेगळ्या आहेत. पण आपल्या नोटिशीत धोका किती मानला आहे, हे कुठेही शोधण्यासारखं आहे.

बॅच नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुळत नसेल तरी नोटीस पुन्हा पुन्हा पाहत राहा, कारण रिकॉल वाढत जातात. २००८-०९ मध्ये अमेरिकेत पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्याच्या मालात साल्मोनेला हा जंतू निघाला. ती कंपनी मुख्यतः दुसऱ्या उत्पादकांना कच्चा माल पुरवायची. त्यामुळे रिकॉल पसरत पसरत ३,९०० हून जास्त उत्पादनांपर्यंत गेला, आणि बहुतेक पाकिटांवर मूळ पुरवठादाराचं नाव नव्हतं. पहिल्या आठवड्यात 'आमचा ब्रँड यादीत नाही' म्हणून निर्धास्त झालेले पुढच्या आठवड्यात यादीत आले.

नोटिशीची तारखेसह प्रत किंवा स्क्रीनशॉट ठेवा. वेबसाइटवरचा मजकूर बदलतो.

४. घड्याळ आणि कॅलेंडर

माझ्या मते सगळ्यात जास्त दावे इथेच चुकतात. माणसाचा समज असा असतो की शेवटचं जे खाल्लं त्यानेच पोट बिघडलं. जंतूंचं वेळापत्रक वेगळं असतं.

स्टॅफिलोकॉकसचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या घडवतं. नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात. साल्मोनेला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही. कॅम्पायलोबॅक्टर बहुधा २ ते ५ दिवस. ई. कोलाय ओ१५७ साधारण ३ ते ४ दिवस, कधी जास्तही. कावीळ अ (हेपटायटिस ए) चार आठवड्यांच्या आसपास, पण १५ पासून ५० दिवसांपर्यंत. लिस्टेरिया रक्तात किंवा मेंदूपर्यंत पसरण्याच्या प्रकारात तर कित्येक आठवडे जातात, ७० दिवसांपर्यंतसुद्धा.

समजा रिकॉल साल्मोनेलाचा आहे. तुम्ही दुपारी एक वाजता तो पदार्थ खाल्ला आणि दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. हे जुळत नाही. त्या पदार्थाने आजार झाला असेल तर तो त्याआधी कधीतरी, कदाचित परवा खाल्लेल्या भागाने. आणि परवाही तोच डबा उघडला होता, हे आठवलं तर दुवा पुन्हा जुळतो. म्हणून आजार सुरू झाल्याच्या तासापासून मागे मोजत किमान सात दिवसांचं खाणं लिहून काढा, लिस्टेरियाचा संशय असेल तर दोन महिन्यांहून जास्त मागे जा. घरी, बाहेर, पाहुण्यांकडे, प्रवासात. कोणी सोबत खाल्लं, त्यातलं कोण आजारी पडलं, कोण नाही, हेही लिहा. न पडलेल्यांची नावं लपवू नका. त्यांनी तो पदार्थ खाल्लाच नव्हता असं निघालं, तर तो तुमच्याच बाजूचा पुरावा.

आठवण किती फसवी असते हे २०११ मध्ये जर्मनीत दिसलं. ई. कोलाय ओ१०४:एच४ ची मोठी साथ आली. सुरुवातीला स्पेनहून आलेल्या काकड्यांवर ठपका ठेवला गेला. त्या काकड्यांवर ई. कोलाय सापडलाही, पण तो साथीचा प्रकार नव्हता. खरे दोषी निघाले मेथीच्या बियांचे मोड. सॅलडवर चिमूटभर भुरभुरलेले ते मोड बऱ्याच रुग्णांना आठवलेच नव्हते. वरची सजावट, चटणी, चव बघायला घेतलेला घास, हे सगळं तुमच्या यादीत हवं.

याच वहीत रोजची लक्षणंही लिहा: किती वेळा शौचाला झालं, ताप किती, कामाचे किती दिवस बुडले, घरात कोणाला रजा घ्यावी लागली. भाषा साधी ठेवा. 'मरणप्राय यातना' लिहून फायदा नाही, 'रात्रीत अकरा वेळा उठलो, पहाटे चक्कर येऊन पडलो' हे जास्त बोलतं.

५. सरकारी यंत्रणेला कळवा

स्थानिक आरोग्य खात्याला आणि अन्नसुरक्षा खात्याला कळवणं हे नागरिकाचं कर्तव्य वगैरे आहेच, पण त्यात तुमचा स्वार्थही आहे. एकट्या माणसाला दुवा जोडणं जड जातं. पन्नास जणांच्या पोटात तोच जंतू सापडला आणि पन्नासही जणांनी तोच पदार्थ खाल्लेला निघाला, तर काम सरकारी साथतज्ज्ञांनी करून ठेवलेलं असतं.

जंतूच्या संपूर्ण जनुकीय क्रमाची तुलना हे आजचं सगळ्यात धारदार हत्यार आहे. अमेरिकेत पल्सनेट नावाचं प्रयोगशाळांचं जाळं १९९६ पासून जंतूंचे 'ठसे' जुळवतं, आणि २०१९ पासून त्यासाठी हीच पद्धत मुख्यतः वापरतं. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची आजवरची सगळ्यात मोठी नोंदलेली साथ आली. हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू. रुग्णांतल्या बहुसंख्य जंतूंचा प्रकार एकच निघाला आणि तोच तयार मांसाच्या एका कारखान्यात सापडला. तुमचा जंतू अशा गटात बसला तर कंपनीच्या वकिलाचा सूर बदलतो. पण बसवायला जंतू जिवंत ठेवलेला हवा, म्हणून पहिल्या पायरीवर मी इतका घोळ घातला.

अधिकारी फोन करून लांबलचक प्रश्नावली विचारतील. कंटाळा न करता आणि अंदाज न बांधता उत्तरं द्या. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. तक्रारीचा नंबर आणि अधिकाऱ्याचं पद लिहून ठेवा. पुढे साथीचा अहवाल माहितीच्या कायद्याने किंवा वकिलामार्फत मागवता येतो.

६. दावा कोणावर, कशाच्या जोरावर

पूर्वी वस्तू ज्याने विकत घेतली त्यालाच, आणि ज्याने विकली त्याच्याकडूनच भरपाई मागता यायची. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात एका बाईने मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर प्यायली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार केली. बिल मैत्रिणीचं, म्हणजे बाईचा कोणाशी करारच नाही. १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की उत्पादकाने शेवटच्या ग्राहकाची काळजी घ्यायला हवी, करार असो वा नसो. गंमत म्हणजे बाटलीत खरंच गोगलगाय होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही. प्रकरण त्याआधी तडजोडीने मिटलं.

त्यानंतर बऱ्याच देशांचा कायदा आणखी पुढे गेला. माल सदोष होता आणि त्याने इजा झाली एवढं दाखवलं की पुरे, कारखानदाराचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायला लागत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हे तत्त्व चालतं. युरोपात ते १९८५ च्या निर्देशाने आलं, आणि शेतातून थेट येणारा माल सगळीकडे त्याखाली आला तो १९९९ च्या दुरुस्तीनंतर. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वावर वेगळं प्रकरण आहे. पण निष्काळजीपणा दाखवायची गरज नाही म्हणजे दुवा दाखवायची गरज नाही, असा अर्थ कोणी काढू नये. तो सगळीकडे दाखवावा लागतो.

प्रतिवादी एकच असेल असं नाही. उत्पादक, कच्च्या मालाचा पुरवठादार, आयातदार, वितरक, दुकानदार, जेवण वाढणारं हॉटेल, यांपैकी कोण कोण येतं ते देशागणिक ठरतं. रिकॉल जाहीर झाल्यावरही ज्या दुकानाने माल विकला, त्याच्याविरुद्धची बाजू फार भक्कम असते. खरेदीची तारीख आणि वेळ असलेली पावती इथे उपयोगी पडते.

उलट बाजूही ऐकून ठेवा. रिकॉलची बातमी माहीत असून तुम्ही खाल्लं, पाकिटावर 'नीट शिजवून खा' असताना कच्चं खाल्लं, थंड ठेवायचा पदार्थ दिवसभर बाहेर ठेवला, तर तुमचाही दोष धरून भरपाई कापली जाऊ शकते.

आणि माल विकत घेतला, पण आजारच पडला नाहीत, तर पैसे परत मिळतील. 'काही झालं असतं तर' या भीतीची भरपाई सहसा मिळत नाही.

७. मुदत

भारतात ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून २ वर्षं. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघाच्या नियमात साधारण ३ वर्षं. अमेरिकेत राज्याप्रमाणे १ ते ६ वर्षं. मोजणी खाल्ल्याच्या दिवसापासून, आजारापासून की कारण कळल्यापासून, हेही ठिकाणाप्रमाणे बदलतं. अल्पवयीन मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी सवलत असते. सरकारी संस्थेने पुरवलेलं अन्न असेल, शाळेतलं किंवा तुरुंगातलं, तर आधी नोटीस द्यावी लागू शकते आणि तिची मुदत काही महिन्यांचीच असू शकते. मुदत वकिलाकडून पहिल्याच भेटीत लेखी घ्या. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही.

८. एवढा खटाटोप करावा का?

एक दिवस पोट बिघडलं, डॉक्टरकडे गेला नाहीत, तपासणी नाही: माझा सल्ला असा की तक्रार नोंदवा, मालाचे पैसे परत घ्या आणि विसरा. वकिलाचा आणि प्रयोगशाळेचा खर्च हाती येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होईल.

चार-पाच दिवस आजार, जंतूचं नाव कागदावर, पगार बुडाला: ग्राहक आयोग किंवा लहान दाव्यांचं कोर्ट बघा. बऱ्याच ठिकाणी तिथे वकील नसला तरी चालतं.

दवाखान्यात भरती, मूत्रपिंडावर परिणाम, गर्भपात, मेंदूज्वर, मृत्यू: इथे अनुभवी वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका. ई. कोलायच्या विषारी प्रकारांत काही रुग्णांना, विशेषतः लहान मुलांना, हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम होतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कॅम्पायलोबॅक्टरनंतर क्वचित गियाँ-बारे सिंड्रोम होऊन हातापायांतली ताकद जाते. साल्मोनेलानंतर सांधे महिनोन्‌महिने धरू शकतात. म्हणजे आजचं बिल हा खर्चाचा पहिला हप्ता असू शकतो.

९. वकील आणि कागद

वकील निवडताना एकच प्रश्न विचारा: अन्नातून झालेल्या आजाराची किती प्रकरणं तुम्ही चालवली आहेत, आणि जंतू कोणता होता? गोंधळलेलं उत्तर आलं तर पुढे चला. फी कशी, जिंकल्यावर टक्का की आधी ठराविक, तज्ज्ञांचा खर्च कोणाचा, हरलो तर समोरच्याचा खर्च माझ्यावर येतो का, हे लेखी घ्या. जिंकल्यावर टक्का घेण्याची पद्धत काही देशांत चालते, भारतात वकिलांना ती मुभा नाही.

चांगला वकील पहिलं काम करतो ते पुरावा जपण्याच्या नोटिशीचं. कंपनीने त्या बॅचच्या उत्पादनाच्या नोंदी, यंत्रांच्या साफसफाईच्या वह्या, जंतूंच्या तपासण्यांचे निकाल, इतर ग्राहकांच्या तक्रारी आणि राखून ठेवलेले नमुने नष्ट करू नयेत, असं त्यात लिहितात. पीनट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात कंपनीने साल्मोनेला आढळल्याचं दडवून माल पाठवल्याचं समोर आलं, आणि २०१५ मध्ये मालकाला २८ वर्षांची शिक्षा झाली. असे कागद आपोआप बाहेर येत नसतात, ते मागावे लागतात.

तुमच्याकडून लागणारी फाइल: केसपेपर, सगळे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, प्रवासाचा खर्च, पगार कापल्याचा दाखला, वही, पावत्या, फोटो, नोटिशीची प्रत, तक्रारींचे नंबर. मूळ प्रती घरी, झेरॉक्स वकिलाला.

यादरम्यान कंपनीच्या किंवा तिच्या विमा कंपनीच्या माणसाचा फोन येईल. आवाज गोड असेल. 'फक्त नोंदीसाठी' जबाब रेकॉर्ड करू का, असं विचारतील. वकिलाशी बोलून सांगतो, म्हणा आणि फोन ठेवा. समाज माध्यमांवर आजाराची रसभरित वर्णनं टाकू नका, आणि सुट्टीचे हसरे फोटोही नकोत. दोन्ही समोरच्याच्या फाइलीत जातात.

साथ मोठी असेल तर सामूहिक दाव्याचं आमंत्रण येऊ शकतं. किरकोळ आजार असेल तर त्यात शिरणं सोयीचं. आजार गंभीर असेल तर स्वतंत्र दावा बरा का, हे आधी विचारा. सामूहिक दावे रखडतातही: दक्षिण आफ्रिकेच्या त्या साथीत सामूहिक दाव्याला कोर्टाची परवानगी २०१८ च्या डिसेंबरात मिळाली आणि तरीही पुढे अनेक वर्षं गेली.

१०. तडजोड, आणि सही करण्याआधी

बहुतेक प्रकरणं तडजोडीने मिटतात. 'गैरसोयीबद्दल' म्हणून लवकर आलेला चेक किंवा कूपन सही करून घेतलंत, तर मागे बारीक अक्षरांत सगळे हक्क सोडल्याचं कलम असू शकतं. सही म्हणजे शेवट. सहा महिन्यांनी मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला तर परत मागता येत नाही. म्हणून तब्येत स्थिरावल्याचं आणि पुढे कोणत्या तपासण्या लागतील हे डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत अंतिम आकडा बोलू नका.

रकमेत काय काय धरलंय ते बघा: झालेला खर्च, पुढचा खर्च, बुडालेली कमाई, वेदना, आणि मृत्यू असेल तर अवलंबून असलेल्यांचं नुकसान. तुमचा दवाखान्याचा खर्च आरोग्य विम्याने भरला असेल तर ती विमा कंपनी या रकमेतून आपला वाटा मागू शकते. तो वजा जाऊन हातात किती उरतं, हा खरा आकडा. समोरच्या कंपनीची ऐपतही तपासून घ्या. पीनट कॉर्पोरेशनने रिकॉल सुरू असतानाच, २००९ च्या फेब्रुवारीत, दिवाळं काढलं, आणि मग आजाऱ्यांची मदार कंपनीच्या विम्यावर राहिली. विमा किती रकमेचा आहे आणि त्यात वाटेकरी किती, हे वकिलाने पहिल्या महिन्यातच विचारलेलं असावं.

पैसे खात्यात जमा झाले, प्रकरण बंद झाल्याचा कागद हातात आला, की वकिलाला एक शेवटचा ईमेल पाठवा: फ्रीझरमधलं पाकीट आता टाकलं तर चालेल का? लेखी हो आलं की मगच टाका.